सुहार्तो: नोटेवरचा हसरा चेहरा आणि 32 वर्षांचा हिशेब

इंडोनेशियाचं नाव आपल्याकडे साधारण दोन कारणांनी निघतं. एक, जगातली सर्वांत मोठी मुस्लिम लोकसंख्या तिथं आहे. दुसरं, व्हॉट्सअॅपवर फिरणारी 20 हजार रुपियाची ती नोट, जिच्यावर गणपतीचं चित्र आहे. ही नोट 1998 मध्ये निघाली. त्याआधी 1993 आणि 1995 साली तिथं 50 हजारांची नोट निघाली होती, तिच्यावर एका जिवंत माणसाचा हसरा फोटो होता. तो माणूस म्हणजे जनरल सुहार्तो. 32 वर्षं त्यानं हा देश चालवला आणि 1998 च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत त्याची सत्ता कोसळली.

ही गोष्ट आज पुन्हा सांगण्याचं कारण आहे. 10 नोव्हेंबर 2025 रोजी इंडोनेशियाच्या सरकारने सुहार्तो यांना 'राष्ट्रीय नायक' हा किताब दिला. देणारे राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबियांतो हे एकेकाळी त्यांचेच जावई होते. ज्या हुकूमशहाला लोकांनी रस्त्यावर उतरून घालवलं, तो 27 वर्षांनी नायक कसा ठरतो? हे समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून बघावं लागेल. आणि त्यात मुस्लिम समाजाच्या संघटनांनी काय केलं, काय भोगलं, हेही लपवून चालणार नाही.

खेड्यातला पोरगा ते जनरल

सुहार्तो यांचा जन्म 8 जून 1921 चा. जावा बेटावर योग्यकार्ता शहराजवळ केमुसुक नावाचं खेडं आहे, तिथला. घरची परिस्थिती बेताची. आईवडील लवकर विभक्त झाले आणि हा मुलगा नातेवाइकांकडे वाढला. 1940 मध्ये तो डच वसाहतीच्या फौजेत भरती झाला. जपानने देश ताब्यात घेतल्यावर जपान्यांनी उभारलेल्या स्थानिक दलात गेला. 1945 मध्ये सुकार्नो आणि हट्टा यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा तो प्रजासत्ताकाच्या फौजेत अधिकारी म्हणून डचांविरुद्ध लढला.

पुढची वाटचाल सरळ नव्हती. 1959 मध्ये मध्य जावाच्या दिपोनेगोरो डिव्हिजनच्या प्रमुखपदावरून त्यांना हटवण्यात आलं. तस्करी आणि व्यापारातून पैसा उभा केल्याचा ठपका होता. शिक्षा मात्र किरकोळ झाली. त्यांना बांडुंगच्या लष्करी महाविद्यालयात शिकायला पाठवलं. या काळातले काही धंदेवाईक साथीदार पुढे त्यांच्या राजवटीत अब्जाधीश झाले. त्यातला बॉब हसन तर 1998 मध्ये थेट व्यापारमंत्री बनला. 1963 पासून सुहार्तो 'कोस्त्राद' म्हणजे लष्कराच्या राखीव दलाचे प्रमुख होते. बाहेर त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं.

1965: त्या रात्री काय झालं?

तेव्हा देशात तीन ताकदी होत्या: राष्ट्राध्यक्ष सुकार्नो, लष्कर आणि कम्युनिस्ट पक्ष, म्हणजे पीकेआय. रशिया आणि चीन सोडले तर जगातला सर्वांत मोठा कम्युनिस्ट पक्ष हाच होता. महागाईने लोकांचं कंबरडं मोडलं होतं. 1966 येईपर्यंत चलनवाढ 600 टक्क्यांच्या वर गेली.

30 सप्टेंबर 1965 च्या रात्री, खरं तर 1 ऑक्टोबरच्या पहाटे, राजवाड्याच्या पहारा दलातल्या लेफ्टनंट कर्नल उंतुंग यांच्या गटाने लष्कराच्या वरिष्ठ जनरलांच्या घरांवर छापे घातले. लष्करप्रमुख अहमद यानी यांच्यासह सहा जनरल मारले गेले. संरक्षणमंत्री जनरल नसुतिओन भिंत ओलांडून वाचले, पण त्यांची पाच वर्षांची मुलगी गोळी लागून दगावली. सुहार्तो यांचं नाव त्या यादीत नव्हतं. ते का नव्हतं, यावर इतिहासकार आजही वाद घालतात.

वरचे सगळे गेल्यावर सुहार्तो यांनी सूत्रं हातात घेतली आणि एका दिवसात जकार्ता काबूत आणलं. लष्कराने सगळा दोष पीकेआयवर ठेवला. पक्षाच्या काही वरिष्ठ नेत्यांचा या कटाशी संबंध होता, हे बहुतेक अभ्यासक मानतात. पण पक्षाच्या लाखो साध्या सभासदांना, शेतकऱ्यांना, शिक्षकांना, महिला संघटनेतल्या बायकांना त्याची खबरही नव्हती. शिक्षा मात्र त्यांना झाली.

ऑक्टोबर 1965 पासून पुढचे काही महिने मध्य जावा, पूर्व जावा, बाली, उत्तर सुमात्रा इथं कत्तली चालल्या. मृतांचा अंदाज पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातो. अमेरिकी दूतावासाने कम्युनिस्टांच्या नावांच्या याद्या लष्कराला पुरवल्या, हेही आता उघड झालं आहे.

इथं आम्हाला एक गोष्ट स्पष्टपणे मांडायची आहे. हे सगळं एकट्या लष्कराने केलं नाही. पूर्व जावात नहदतुल उलेमा या मोठ्या धार्मिक संघटनेची युवक शाखा 'अन्सोर' हिचे लोक मारेकऱ्यांत होते. बालीत मारणारे आणि मरणारे दोन्हीही मुख्यतः हिंदू होते. लष्कराने हत्यारं, याद्या आणि परवानगी दिली; गावातल्या माणसांनी आपल्याच शेजाऱ्यांना मारलं. मरणाऱ्यांत कलमा पढणारे लोक हजारोंनी होते. जमिनीचे जुने तंटे, भाऊबंदकी, राजकीय दुश्मनी, सगळ्याचा हिशेब 'कम्युनिस्ट' या एका शिक्क्याखाली चुकता झाला.

एका कागदाच्या जोरावर

11 मार्च 1966 रोजी सुकार्नो यांनी एका पत्रावर सही केली. देशात शांतता आणण्यासाठी आवश्यक ती पावलं उचलण्याचा अधिकार त्यात सुहार्तो यांना दिला होता. हे पत्र 'सुपरसेमार' या नावाने ओळखलं जातं. त्याची मूळ प्रत आजवर सापडलेली नाही. ज्या प्रती आहेत त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पण सुहार्तो यांनी दुसऱ्याच दिवशी पीकेआयवर बंदी घातली. मार्च 1967 मध्ये ते हंगामी आणि मार्च 1968 मध्ये पूर्ण राष्ट्राध्यक्ष झाले. सुकार्नो नजरकैदेत 1970 मध्ये वारले.

थोडक्यात, रणगाडे घालून एका रात्रीत केलेलं हे बंड नव्हतं. सत्ता अडीच वर्षांत, टप्प्याटप्प्याने, कायद्याचा कागद दाखवत घेतली गेली. पुढची तीन दशकं हीच पद्धत राहिली.

'नवी व्यवस्था' चालायची कशी?

सुहार्तो यांनी आपल्या राजवटीला 'नवी व्यवस्था' असं नाव दिलं. तिथं निवडणुका व्हायच्या, संसद होती, पक्षही होते. मग लोकशाही का नव्हती?

पहिलं म्हणजे, सरकारचा स्वतःचा 'गोल्कार' नावाचा गट होता. सरकारी नोकरांना त्यालाच मत देणं भाग होतं. 1971 च्या निवडणुकीत त्याला 62 टक्क्यांच्या वर मतं मिळाली आणि 1997 पर्यंत तो एकदाही हरला नाही.

दुसरं, 1973 मध्ये बाकीचे सगळे पक्ष दाबून दोन पक्षांत कोंबले. मुस्लिम पक्षांचा मिळून 'पीपीपी' आणि राष्ट्रवादी व ख्रिस्ती पक्षांचा मिळून 'पीडीआय'. दोन्हींचे नेते कोण व्हावेत यात सरकार हात घालायचं. निवडणूक संपली की खेड्यात पक्षाचं काम करायला मनाई होती.

तिसरं, लष्कराला 'दुहेरी भूमिका' दिली. सीमेचं रक्षण आणि देशाचा कारभार, दोन्ही. संसदेत लष्कराच्या राखीव जागा, जिल्ह्यात-प्रांतात लष्करी अधिकारी. जी सभा राष्ट्राध्यक्ष निवडायची, तिच्यातले निम्मे सदस्य निवडून आलेले नसायचे. सुहार्तो दर पाच वर्षांनी बिनविरोध निवडून यायचे ते असे.

आणि चौथं, भीती. हजारो राजकीय कैदी बुरू बेटावर वर्षानुवर्षं खटल्याविना ठेवले गेले. प्रख्यात कादंबरीकार प्रमुद्या अनंता तूर त्यांतलेच एक. ते 1979 मध्ये सुटले. सुटलेल्यांच्या ओळखपत्रावर माजी कैदी असल्याची खूण असायची. त्यांच्या मुलाबाळांना सरकारी नोकरी नाही, फौज नाही. बापाच्या पक्षाची शिक्षा नातवापर्यंत पोहोचली.

विकास झाला, हे खरं

सुहार्तो यांचे समर्थक आजही विकासाकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांच्या हाती त्यांनी अर्थव्यवस्था दिली. चलनवाढ काबूत आली. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि तिजोरीत पैसा आला. त्यातून 1970 च्या दशकात सुमारे 61 हजार प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. खेडोपाडी आरोग्य केंद्रं आली. एकेकाळी तांदूळ आयात करणारा हा देश 1984 मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झाला. सरकारी आकड्यांनुसार 1976 मध्ये 40 टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, ते 1996 मध्ये 11 टक्क्यांवर आले.

पण याच तेलाच्या पैशात 1975 मध्ये सरकारी तेल कंपनी पर्तामिना कर्जाने बुडायला आली होती. सुहार्तो यांच्या नावाच्या धर्मादाय संस्था, ज्यांना तिथं 'यायासान' म्हणतात, सरकारी बँकांच्या नफ्यातून वाटा घ्यायच्या. गरीब मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी म्हणून घेतलेला पैसा खासगी कंपन्यांकडे वळवला गेला. 'सुपरसेमार' याच नावाच्या संस्थेला त्यासाठी सुमारे 4 लाख 40 हजार कोटी रुपिया परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तोही 2015 मध्ये, म्हणजे सुहार्तो गेल्यावर सात वर्षांनी.

सहा मुलंही मागे नव्हती. टोलरस्ते, टीव्ही वाहिनी, विमान कंपनी, हॉटेलं, सगळीकडे त्यांचा हिस्सा. धाकटा मुलगा टॉमी याला लवंगेच्या खरेदीची मक्तेदारी मिळाली. इंडोनेशियात लवंग घातलेल्या सिगारेटी लाखो लोक ओढतात, म्हणजे हा केवढा धंदा ते लक्षात येईल. शेतकऱ्याला भाव पडेल तो. 1996 मध्ये 'राष्ट्रीय मोटार' म्हणून त्याला करमाफीही मिळाली. मोटारी मात्र कोरियातून बनून यायच्या. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलने 2004 मध्ये सुहार्तो यांनी लुटलेल्या संपत्तीचा अंदाज 15 ते 35 अब्ज डॉलर असा दिला.

मुसलमानांशी नातं: आधी लगाम, मग मिठी

अनेकांना वाटतं की मुस्लिमबहुल देशाचा मुस्लिम राष्ट्राध्यक्ष, म्हणजे इस्लामी संघटनांचा मित्रच असणार. पहिली वीस वर्षं नेमकं उलट होतं. 1965 मध्ये ज्यांनी लष्कराला साथ दिली, त्या मुस्लिम संघटनांना वाटलं होतं की आता सत्तेत वाटा मिळेल. मिळाला लगाम. जुन्या मस्जुमी पक्षाला परत उभं राहू दिलं नाही. 1980 च्या दशकात सरकारी शाळांत मुलींना हिजाब घालून बसायला मनाई झाली. 1985 पर्यंत प्रत्येक पक्षाला आणि संघटनेला 'पंचशिला' हे सरकारी तत्त्वज्ञान आपला एकमेव पाया म्हणून मान्य करावं लागलं. पंचशिलेतलं पहिलं तत्त्व एका ईश्वरावरची श्रद्धा हेच आहे. पण मशिदीच्या, मदरशाच्या संघटनेनेही आपला पाया म्हणून सरकारने दिलेलं वाक्यच लिहायचं, ही सक्ती अनेकांना टोचली.

त्यातूनच तांजुंग प्रियोक घडलं. जकार्ताच्या या बंदर भागात सप्टेंबर 1984 मध्ये लष्कराचा माणूस बूट न काढता नमाजच्या जागेत शिरल्याची तक्रार झाली. वाद वाढला, काही जणांना अटक झाली. त्यांना सोडा म्हणून 12 सप्टेंबरच्या रात्री लोक मोर्चाने निघाले. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा दोन डझनांच्या आसपास होता. मृतांच्या घरच्यांच्या मते तो कितीतरी मोठा होता. वीस वर्षांनी खटले चालले, काहींना शिक्षाही झाली, पण अपिलात सगळे सुटले.

1990 च्या सुमारास वारं फिरलं. लष्करातले काही जनरल आता सुहार्तो यांना डोईजड वाटू लागले होते, म्हणून त्यांना नवा आधार हवा होता. डिसेंबर 1990 मध्ये बी. जे. हबीबी यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम बुद्धिजीवींची 'इक्मी' ही संघटना सरकारी आशीर्वादाने निघाली. 1991 मध्ये शाळांतली हिजाबबंदी उठली. त्याच वर्षी सुहार्तो कुटुंबासह हजला गेले आणि नावात 'हाजी मुहम्मद' लागलं. इस्लामी बँक आली. त्यांच्या एका संस्थेने देशभर शेकडो मशिदी बांधल्या, त्यासाठी सरकारी नोकरांच्या पगारातून पैसे कापले जायचे.

बरेच लोक खूश झाले आणि ते साहजिक होतं. नहदतुल उलेमाचे तेव्हाचे अध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, ज्यांना लोक प्रेमाने 'गुस दुर' म्हणत, ते मात्र इक्मीत गेले नाहीत. धर्माच्या नावाने सरकारच्या मांडीवर बसू नये, असं त्यांचं मत होतं. 1991 मध्ये त्यांनी वेगवेगळ्या धर्मांच्या विचारवंतांना घेऊन 'लोकशाही मंच' काढला.

इथं पूर्व तिमोरही विसरता येत नाही. डिसेंबर 1975 मध्ये इंडोनेशियाने हा छोटा, मुख्यतः कॅथलिक प्रदेश फौज घालून बळकावला. तिथल्या सत्यशोधन आयोगाने भूक, आजार आणि हिंसेने झालेले किमान एक लाख अतिरिक्त मृत्यू मोजले. मुस्लिमबहुल आचेह प्रांतातही 1989 पासून लष्कराने तसाच बडगा चालवला. मारताना या राजवटीने धर्म पाहिला नाही.

दहा दिवसांत सत्ता कशी गेली?

जुलै 1997 मध्ये थायलंडचं चलन घसरलं आणि आशियाभर पैशाचं संकट पसरलं. इंडोनेशियाच्या कंपन्यांनी डॉलरमध्ये भरमसाट कर्जं काढली होती. एका डॉलरला 2,400 च्या आसपास असलेला रुपिया जानेवारी 1998 मध्ये 10 हजारांच्या पार गेला, काही दिवस त्याहून फार खाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने कर्ज दिलं, पण अटी घातल्या. 15 जानेवारी 1998 रोजी सुहार्तो वाकून करारावर सही करत आहेत आणि निधीचे प्रमुख मिशेल काम्देसू हाताची घडी घालून उभे आहेत, हा फोटो जगभर छापून आला. लोकांना तो अपमान वाटला.

तरीही मार्चमध्ये सुहार्तो सातव्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले. मंत्रिमंडळात थोरली मुलगी तुतुत आली. देश भुकेला असताना घरातलीच माणसं मंत्री केली, हे लोकांच्या डोळ्यांत खुपलं. 4 मे रोजी पेट्रोल-रॉकेलचे भाव वाढले. 9 मे रोजी साहेब परिषदेसाठी इजिप्तला गेले.

12 मे रोजी जकार्ताच्या त्रिसक्ती विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मारले गेले. पुढचे तीन दिवस शहर जळत होतं. हजारावर माणसं मेली. त्यांत बरेच जण पेटलेल्या मॉलमध्ये अडकलेले गरीब लोक होते. चिनी वंशाच्या लोकांची दुकानं, घरं लुटली गेली, त्यांच्या बायकांवर बलात्कार झाले. पोलीस आणि लष्कर कित्येक ठिकाणी जागेवर नव्हतंच. ज्यांनी हे पेटवलं, त्यांतल्या वरच्या कुणालाही आजवर शिक्षा झालेली नाही.

18 मे रोजी विद्यार्थी संसदेच्या आवारात शिरले, छतावर चढले. त्याच दिवशी संसदेचे सभापती हार्मोको यांनी, म्हणजे स्वतःच्याच माणसाने, राजीनामा मागितला. 19 तारखेला सुहार्तो यांनी नूरचोलिश मजीद, गुस दुर आणि इतर मुस्लिम नेत्यांना राजवाड्यावर बोलावलं आणि सुधारणांसाठी समिती नेमतो असं सांगून बघितलं. नूरचोलिश यांनी स्पष्ट सांगितलं की लोकांना सुधारणा म्हणजे तुमचं जाणं हवं आहे. 20 मेच्या रात्री 14 मंत्र्यांनी नव्या मंत्रिमंडळात येण्यास नकार कळवला. 21 मे 1998 रोजी सकाळी त्यांनी राजीनामा वाचून दाखवला आणि हबीबींनी शपथ घेतली.

या पडझडीत आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे, की विरोधक एकटे कधीच जिंकले नसते. पैसा संपला तेव्हा धंदेवाले गेले, गोल्कारवाले गेले, मंत्री गेले, शेवटी लष्करही बाजूला उभं राहिलं.

पुढे काय झालं?

2000 मध्ये भ्रष्टाचाराचा खटला दाखल झाला, पण प्रकृतीचं कारण देऊन न्यायालयाने तो पुढे नेला नाही. मुलगा टॉमीला एका न्यायाधीशाचा खून करवल्याबद्दल 2002 मध्ये 15 वर्षांची शिक्षा झाली. ती कमी होत गेली आणि तो 2006 मध्ये बाहेर आला. सुहार्तो 27 जानेवारी 2008 रोजी वारले. एक दिवसही तुरुंगात गेले नाहीत.

गुस दुर 1999 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. मार्च 2000 मध्ये त्यांनी 1965 च्या बळींची, आपल्या संघटनेच्या लोकांनी जे केलं त्याबद्दल, जाहीर माफी मागितली आणि कम्युनिझमवरची बंदी उठवावी असं सुचवलं. त्यांच्यावर केवढी टीका झाली! स्वतःच्या संघटनेतूनही झाली. बंदी आजही आहे. पण इतक्या मोठ्या धार्मिक घराण्यातल्या, आलिमांच्या पिढ्यांतून आलेल्या माणसाने आपल्या लोकांचा गुन्हा कबूल करणं ही साधी गोष्ट नाही. 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी 1965 आणि मे 1998 सह बारा प्रकरणांबद्दल खेद व्यक्त केला. माफी आणि खटले मात्र राहूनच गेले.

आणि मग नोव्हेंबर 2025 चा तो किताब. त्याच दिवशी, त्याच समारंभात आणखी काही जणांना नायक जाहीर केलं गेलं. त्यांत गुस दुर होते. आणि मारसिना होती, पूर्व जावातल्या घड्याळाच्या कारखान्यातली कामगार मुलगी, जी पगारवाढीच्या संपानंतर 1993 मध्ये, सुहार्तो यांच्याच राजवटीत, छळ करून मारलेल्या अवस्थेत सापडली. तिच्या खुनाबद्दल आजवर कुणी शिक्षा भोगलेली नाही. मारणारी राजवट चालवणारा आणि त्या राजवटीत मेलेली, दोघंही एकाच यादीत.

आज इंडोनेशियाची निम्म्याहून जास्त तरुण पिढी 1998 नंतर मोठी झालेली आहे. तिला शाळांचा, स्वस्त तांदळाचा सुहार्तो आजी-आजोबांकडून ऐकायला मिळतो. बुरू बेटाचा सुहार्तो पाठ्यपुस्तकात फारसा नाही. मशिदी बांधल्या म्हणून, हज केला म्हणून आपल्यातलेही काही जण अशा माणसाकडे आदराने बघतात. आमचं म्हणणं इतकंच, की राज्यकर्त्याचा हिशेब त्याच्या तसबीहच्या मण्यांवरून मांडता येत नाही. त्याच्या राज्यात दुबळ्याला इन्साफ मिळाला की नाही, यावरूनच तो मांडावा लागतो.

जकार्तात जानेवारी 2007 पासून दर गुरुवारी काही माणसं राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यासमोर काळे कपडे घालून, काळ्या छत्र्या घेऊन उभी राहतात. कुणाचा मुलगा 1998 मध्ये गोळीने गेला, कुणाचा भाऊ बेपत्ता झाला, कुणी 1965 चा कैदी. त्यांची मागणी एकच आहे: काय झालं ते सांगा आणि जबाबदार कोण ते ठरवा. किताब जाहीर झाल्यावरही ते उभे राहायचे थांबलेले नाहीत.